‘लॅटिमर’ हे आडनाव आलं कुठून?

प्रश्न असा आलाय की ऑफिसमधल्या एका ब्रिटिश सहकाऱ्याचं आडनाव लॅटिमर आहे, ते लॅटिन भाषेवरून आलंय का, आणि तसं असेल तर त्याचे पूर्वज लॅटिनचे मास्तर किंवा चर्चमधले पाद्री होते असं धरायचं का. मी बरीच वर्षं इंग्लंडमधल्या जुन्या नोंदी वाचून लोकांना त्यांच्या घराण्याचा माग काढून द्यायचं काम करतोय आणि ह्या आडनावाबद्दल मला खास जिव्हाळा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

आधी सरळ उत्तर. हो, मूळ लॅटिनच आहे. पण मास्तर नाही आणि पाद्रीही नाही. लॅटिमर म्हणजे दुभाष्या. राजाच्या, सरदाराच्या, कोर्टाच्या पदरी असलेला, एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला समजावून सांगणारा माणूस. जुन्या फ्रेंचमध्ये शब्द होता लातिनिए, त्याचं लातिमिए झालं, ते उत्तर फ्रान्समधून इंग्लंड जिंकायला आलेल्या नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात आलं आणि लॅटिमर झालं. पुढे शब्द म्हणून तो मेला, आज एखाद्या शिकल्यासवरल्या इंग्रजाला विचारलंत तरी अर्थ सांगता येणार नाही बहुतेक, पण आडनाव म्हणून टिकला.

आता कोणीही विचारेल की दुभाष्याचा लॅटिनशी काय संबंध, तो तर फ्रेंच आणि इंग्लिशमध्ये बोलत असणार. बरोबर आहे. गंमत अशी की मध्ययुगातल्या फ्रेंचमध्ये ‘लातिन’ ह्या शब्दाचा अर्थ फक्त रोमन लोकांची भाषा एवढाच राहिला नव्हता. सामान्य माणसाच्या कानाला जी भाषा कळत नाही, जिला कोणीतरी समजावून सांगावं लागतं, ती लातिन. अगदी पक्ष्यांच्या किलबिलाटालाही हाच शब्द वापरायचे. आक्विटेनचा ड्यूक विल्यम नववा (१०७१ ते ११२६), ज्याला पहिला ज्ञात त्रुबादूर, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या बोलीत गाणी रचणारा कवी, मानतात, त्याच्या एका वसंताच्या गाण्यात पक्षी आपापल्या लातिनमध्ये गातायत. इंग्लिशमध्येही हेच झालं, तिथे लॅटिनचं जुनं रूप ‘लेडन’ असं होतं आणि त्याचा अर्थ पसरत पसरत ‘कुठलीही बोली’ असा झाला, चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या एका कथेत राजकन्येकडे जादूची अंगठी असते आणि ती घातली की तिला ससाण्याचं लेडन कळतं. म्हणजे लातिनिए हा लॅटिन येणारा नव्हे, बोली उलगडून सांगणारा.

हे मी मुद्दाम आधी सांगितलं कारण आडनावांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. आडनाव आज जसं दिसतं त्यावरून अर्थ लावायचा आणि मोकळं व्हायचं. माझ्या कामात पहिला नियम हा की सगळ्यात जुनी लेखी रूपं गोळा करायची आणि त्या काळात तो शब्द बाजारात, कचेरीत, कोर्टात कशासाठी वापरत होते ते बघायचं. तेवढं केलं की अर्धी कोडी आपोआप सुटतात.

आता ‘न’ चा ‘म’ कसा झाला ते जवळून बघण्यासारखं आहे. त्या काळच्या लिपीत आय, एन आणि एम ही अक्षरं निव्वळ छोट्या उभ्या दांड्यांची असायची. आयला एक दांडा, एनला दोन, एमला तीन. आयवर टिंब नेमानं देत नसत आणि अक्षरं एकमेकांना चिकटलेली. आता लातिनिए कागदावर लिहा, एल-ए-टी, मग आय-एन-आय, मग ई-आर. मधले दांडे मोजा: एक, दोन, एक, म्हणजे चार. आणि लॅटिमर लिहा, एल-ए-टी, मग आय-एम, मग ई-आर. मधले दांडे: एक आणि तीन, पुन्हा चारच! चर्मपत्रावर हे दोन शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसू शकतात. जुनी पानं वाचताना मी इथे नेहमी थांबतो, लेखनिकाच्या मनात कुठलं रूप होतं हे त्या एका शब्दावरून ठरवता येत नाही, त्याच हस्ताक्षरातले आजूबाजूचे शब्द बघावे लागतात. बोलण्यातही ‘म’ आलेला होता हे मात्र नक्की, नाहीतर आडनाव आज लॅटिनर असं काहीतरी राहिलं असतं.

१०६६ मध्ये नॉर्मन आले तेव्हा इंग्लंडची भाषिक अवस्था डोळ्यासमोर आणा. राजा आणि सरदार फ्रेंच बोलणारे, शेतकरी इंग्लिश बोलणारे, पश्चिमेला वेल्श, कॉर्नवॉलमध्ये कॉर्निश, आणि सरकारी दप्तर सगळं लॅटिनमध्ये. सारा वसूल करायचा, जमिनीचा तंटा सोडवायचा, साक्ष घ्यायची तर मध्ये माणूस हवाच. १०८६ ची जी प्रसिद्ध जमीन पाहणी आहे, डोम्सडे बुक, त्यात जमीनधारकांमध्ये ‘इंटरप्रेस’ आणि ‘लॅटिनारियस’ अशी बिरुदं लावलेली माणसं सापडतात, सॉमरसेटमध्ये ह्यूगोलिन नावाचा एक आहे. ही माणसं मजुरीवर आणलेली नव्हती, त्यांच्या नावावर जमिनी होत्या. दुभाष्याच्या पदाला त्या काळी किती वजन होतं ते यावरून कळतं.

शब्द इंग्लिश लिखाणात आला तो एका छान प्रसंगात. सेव्हर्न नदीजवळच्या आर्ली किंग्ज गावचा लायामन नावाचा पाद्री, त्यानं १२०० च्या आसपास ब्रिटनच्या राजांचा पद्यात इतिहास लिहिला. त्यात ब्रिटन लोकांचा राजा व्होर्टिगर्न आणि सॅक्सन सरदार हेंगिस्ट यांची मेजवानी आहे. हेंगिस्टची मुलगी रोवेना सोन्याचा पेला भरून आणते, राजासमोर गुडघे टेकते आणि आपल्या भाषेत म्हणते ‘वास हेल’, म्हणजे तब्येतीत राहा. राजाला ओ की ठो कळत नाही. मग केरेडिक नावाचा माणूस पुढे होतो, हा इथे आलेल्यांपैकी सगळ्यात चांगला लॅटिमर होता असं लायामन त्याच्याबद्दल सांगतो, आणि तो राजाला रीत समजावतो की हिनं असं म्हटलं की समोरच्यानं ‘ड्रिंक हेल’ म्हणायचं, मग पेला घ्यायचा आणि मुका घ्यायचा. राजा तिच्यावर भाळतो, लग्न करतो, राज्य हातचं जातं. कथा दंतकथाच आहे, पण शब्द कसा वापरात होता ह्याचा पुरावा म्हणून तिची किंमत मोठी. आणि बघा, केरेडिक नुसते शब्द बदलून देत नाही, रीतही सांगतो. चांगला दुभाष्या आजही हेच करतो.

खरी कामगिरी मात्र वेल्सच्या सीमेवर आणि आयर्लंडमध्ये. श्रॉपशायरसारख्या सीमेवरच्या भागात इंग्लिश आणि वेल्श लोकांमध्ये लॅटिमर म्हणून काम करायचं आणि त्या बदल्यात जमीन सांभाळायची अशी व्यवस्था होती, आपल्याकडच्या वतनासारखीच म्हणा ना, चाकरी करा आणि जमीन खा. ११८८ मध्ये आर्चबिशप बाल्डविन तिसऱ्या धर्मयुद्धासाठी माणसं गोळा करत वेल्सभर फिरला, बरोबर जेराल्ड ऑफ वेल्स हा पाद्री आणि लेखक होता, त्यानं त्या दौऱ्याचं वर्णन लिहून ठेवलंय. प्रवचनं वेल्शमध्ये समजावून सांगायला बँगरचा आर्चडीकन अलेक्झांडर होता. हॅव्हरफर्डवेस्टला जेराल्ड स्वतः लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्ये बोलला, आणि ज्यांना दोन्हीतलं काही कळत नव्हतं तेही ढसाढसा रडत क्रॉस घ्यायला, म्हणजे धर्मयुद्धावर जायची शपथ घ्यायला, धावले असं तोच लिहितो. जेराल्डला स्वतःचं कौतुक फार, तेवढं लक्षात ठेवून वाचायचं.

आयर्लंडचा किस्सा जास्त महत्त्वाचा वाटतो मला. लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो ११६६ मध्ये गादीवरून हाकलला गेला, मदत मागायला इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे गेला, आणि त्यातून ११६९ पासून नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले. पुढची आठशे वर्षं ज्या संघर्षात गेली त्याची सुरुवात तिथे आहे. ह्या सगळ्यावर फ्रेंचमध्ये एक दीर्घ काव्य आहे, आणि त्याच्या सुरुवातीलाच कवी सांगतो की ही हकिगत मला डर्मट राजाच्या स्वतःच्या लॅटिमरकडून मिळाली, त्याचं नाव मॉरिस रेगन. म्हणजे डर्मट आयरिश बोलणारा, मदतीला आलेले फ्रेंच बोलणारे, आणि दोघांमधल्या प्रत्येक शब्दाला साक्षी असलेला माणूस कोण, तर हा रेगन. इतिहासात दुभाष्यांची नावं सहसा टिकत नाहीत. दोन्ही बाजूंची गुपितं ज्याला माहीत, त्याचंच नाव बखरीत नसतं. इथे ते टिकलं म्हणून मला हे काव्य मोलाचं वाटतं.

मग शब्द गेला का? कारण गरज संपत गेली. चौदाव्या शतकात सरदारांची पोरंसुद्धा घरात इंग्लिश बोलायला लागली, १३६२ मध्ये तर कायदाच झाला की कोर्टातले वाद इंग्लिशमध्ये चालावेत. त्याच सुमाराला ‘इंटरप्रिटर’ हा शब्द रुळला आणि लॅटिमर मागे पडला. पण तोवर, साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात, इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरागत व्हायला लागली होती, त्यामुळे बाप दुभाष्या असो नसो, पोराचं आडनाव लॅटिमर राहिलं. जुन्या नोंदीत ‘ले लॅटिमर’ असं दिसलं तर तो बहुधा खरंच दुभाष्याचं काम करणारा, किंवा फार तर त्याचा मुलगा नातू. ‘ले’ गळाला की समजायचं आता हे नुसतं आडनाव आहे.

घराणं मोठं झालं. बकिंगहॅमशायरमध्ये आयझनहॅम्पस्टेड नावाची जोडगावं होती, एक चेनी घराण्याकडे गेलं आणि दुसरं चौदाव्या शतकात लॅटिमरांकडे, पुढे मूळ नाव पुसलंच गेलं, आज नकाशावर नुसतं चेनीज आणि लॅटिमर. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये केटरिंगजवळ बर्टन लॅटिमर आहे. ह्याच आडनावाचा चौथा बॅरन विल्यम लॅटिमर तिसऱ्या एडवर्ड राजाचा चेंबरलेन, म्हणजे राजवाड्याचा कारभारी होता, १३७६ च्या पार्लमेंटनं त्याच्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालवला, आणि महाभियोगाची पहिली नोंदलेली केस म्हणून कायद्याच्या पुस्तकांत ती हमखास असते. अमेरिकन प्रेसिडेंटवर महाभियोग चालवतात ना, त्या प्रथेचा धागा इथपर्यंत मागे जातो.

सगळ्यात गाजलेला मात्र ह्यू लॅटिमर. लेस्टरशायरमधल्या थर्कास्टनच्या शेतकऱ्याचा मुलगा, केंब्रिजला शिकला, १५३५ मध्ये वूस्टरचा बिशप झाला, राजाशी पटलं नाही तेव्हा १५३९ मध्ये पद सोडलं. साध्या माणसाला कळेल अशा इंग्लिशमध्ये, शेतीभातीची उदाहरणं देत प्रवचन करण्यात त्याचा हातखंडा होता. कॅथलिक मेरी राणीच्या काळात, प्रोटेस्टंट मत सोडलं नाही म्हणून, १६ ऑक्टोबर १५५५ ला ऑक्सफर्डमध्ये त्याला बिशप निकोलस रिडलीबरोबर एकाच खांबाला बांधून जाळलं. ऑक्सफर्डला गेलात तर ब्रॉड स्ट्रीटच्या मधोमध रस्त्यात दगडांचा क्रॉस बसवलाय तीच ती जागा, लोक वरून जातात, न सांगता लक्षातही येत नाही. लंडनच्या हॅमरस्मिथमधली लॅटिमर शाळा मात्र ह्या ह्यूची नव्हे, ती एडवर्ड लॅटिमरच्या १६२४ च्या मृत्युपत्रातून उभी राहिली, आणि तिच्या स्पेलिंगमध्ये आयच्या जागी वाय आहे.

बकिंगहॅमशायरच्या त्या लॅटिमर गावाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथला लॅटिमर हाउस हा वाडा ताब्यात घेतला आणि १९४२ पासून तिथे पकडलेल्या जर्मन सैनिकांना ठेवायला लागले. खोल्यांमध्ये मायक्रोफोन लपवलेले. थॉमस केंड्रिक नावाचा गुप्तचर अधिकारी प्रमुख. कैदी आपसात बोलायचे आणि दुसऱ्या खोलीत हेडफोन लावून माणसं ऐकायची. इंग्रज माणसांचं जर्मन ह्या कामाला पुरेना, बोलीभाषा, शिव्या, सैनिकांची आपसातली भाषा कळेना, म्हणून हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यू निर्वासित ह्या कामावर घेतले. अशाच चोरून ऐकलेल्या बोलण्यांतून जर्मनांच्या रॉकेटांबद्दलची माहिती मिळाली. गावाचं नाव आणि हे काम यांचा मेळ निव्वळ योगायोग आहे हे मान्य, पण दुभाष्याच्या नावाच्या गावात जगातल्या सगळ्यात कसदार कान असलेल्या माणसांनी युद्धाला हातभार लावला हे वाचलं की मला भरून येतं.

आता एक इशारा, आणि हा मी प्रत्येक क्लायंटला देतो. आडनाव सारखं म्हणजे रक्त सारखं असं नाही. दुभाषे गावोगाव होते, म्हणून लॅटिमर घराणी वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाली, बॅरन लॅटिमरांशी नातं आहे असं समजायचं कारण नाही. अमेरिकेत तर आणखी वेगळं. तिथला सगळ्यात कर्तबगार लॅटिमर म्हणजे लुईस लॅटिमर, कृष्णवर्णीय संशोधक. त्याचे वडील जॉर्ज हे व्हर्जिनियात गुलाम होते, त्यांचा बाप गोरा, आडनाव त्याच्याकडून आलेलं. १८४२ मध्ये जॉर्ज गरोदर बायकोला घेऊन बोस्टनला पळाले, तिथे पकडले गेले, शहरात प्रचंड आंदोलन झालं, शेवटी लोकांनी ४०० डॉलर देऊन त्यांना सोडवलं आणि १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं असा कायदा केला की पळून आलेल्या गुलामांना पकडायला राज्याचे अधिकारी मदत करणार नाहीत. त्या कायद्याला लोक लॅटिमर कायदाच म्हणायचे. लुईसचा जन्म १८४८ चा. पेटंटची ड्रॉइंग काढायच्या ऑफिसात तो शिकत शिकत वर चढला, १८७६ मध्ये बेलच्या टेलिफोनच्या पेटंटची ड्रॉइंग त्यानं काढली, विजेच्या दिव्यातली कार्बनची तार बनवायची सुधारलेली पद्धत त्याची, १८८२ चं पेटंट आहे, पुढे एडिसनकडे काम केलं. आणि मॉन्ट्रियलमध्ये दिवे बसवायला गेला तेव्हा तिथले मजूर फ्रेंच बोलणारे, तर हा गडी रात्री बसून फ्रेंच शिकला आणि दिवसा खांबावर चढून त्यांना त्यांच्याच भाषेत सूचना द्यायला लागला.

लॅटिमोर हेही ह्याच आडनावाचं रूप. त्यातले दोन भाऊ माहीत असावेत असे आहेत, ओवेन लॅटिमोर, चीनमध्ये वाढलेला, चिनी आणि मंगोल येणारा मध्य आशियाचा अभ्यासक, आणि रिचमंड लॅटिमोर, ज्याचं इलियडचं १९५१ चं इंग्लिश भाषांतर अजून कॉलेजांत लावतात. लॉरिमर मात्र ह्यांच्यातला नाही हं, कितीही सारखं वाटलं तरी. लॉरिमर म्हणजे घोड्याचे लगाम, कडी, रिकिबी बनवणारा कारागीर, त्याचं मूळ चामड्याच्या पट्ट्याच्या लॅटिन शब्दात. हा गोंधळ मी इतक्यांदा पाहिलाय की मुद्दाम लिहितोय.

दुभाष्यावरून आडनाव पडणं हे जगभर आहे. जुन्या वाद्यांना पुन्हा जीवदान देणारा संगीतकार अर्नोल्ड डॉल्मेच, त्याच्या आडनावाचा जर्मनमध्ये अर्थ दुभाषी, रशियन तोल्माचेव तेच, मूळ शब्द तुर्की घराण्यातला. अरबी ‘तर्जुमान’ वरून इंग्लिशमध्ये ‘ड्रॅगोमन’ आला आणि त्याच मुळातला ‘तर्जुमा’ मराठीतही आहे. आपल्याकडे दुभाषी आडनाव आहे. मुंबईत काळा घोड्याजवळ के. दुबाश मार्ग आहे, तो दुबाशही मुळात दुभाषीच, फक्त मुंबईच्या बंदरात त्या शब्दाचा अर्थ सरकत सरकत जहाजांना माल पुरवणारा असा झाला. आणि पारसनीस! फडणीस, चिटणीस यांच्यासारखंच ‘नीस’ म्हणजे लिहिणारा, पारसनीस म्हणजे दरबारचा फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. लॅटिमरच्या सगळ्यात जवळचं मराठी आडनाव कोणतं असं विचाराल तर मी पारसनीस म्हणेन, कारण दोन्हीकडे भाषेचं नाव आडनावात अडकलंय आणि माणूस दरबारातला आहे. १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन आला तेव्हा त्याच्यासोबत नारायण शेणवी दुभाषी होता, ऑक्सिंडेननं लांबून मुजरा केला आणि नजराण्याची हिऱ्याची अंगठी महाराजांना दिसेल अशी उंच धरली ती नारायण शेणव्यानं, असं ऑक्सिंडेनच्याच वर्णनात आहे.

तर तुमच्या सहकाऱ्याला मागे जायचं असेल तर त्याला आधी विचारा की आजी-आजोबा कुठल्या काउंटीतले. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी जुलै १८३७ पासून आहे, नावानिशी उपयोगी पडेल अशी जनगणना १८४१ पासून, आणि त्याआधी गावच्या चर्चची रजिस्टरं, ती १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, सगळीकडची टिकलेली नाहीत. शोधताना लॅटिमर, लॅटिमोर दोन्ही घ्या, स्पेलिंगमध्ये एक टी, दोन टी, आय आणि वाय सगळं आलटून पालटून बघा, एकाच माणसाच्या लग्नाच्या नोंदीत एक स्पेलिंग आणि मुलाच्या बाप्तिस्म्याला दुसरं असं सर्रास सापडतं. १५३८ च्या मागे जायचं असेल तर कोर्टाची आणि जमिनीची लॅटिन दप्तरं वाचावी लागतात, तिथे दांडे मोजायची तयारी ठेवा.